एव्हरग्लेड्स, फ्लोरिडा: दोन दिवस, सोबत सासू-सासरे आणि नऊ वर्षांची लेक. कुठल्या दाराने जावं?

सोनटक्का:

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मायामीला जायचं ठरलंय. त्यातले दोन पूर्ण दिवस एव्हरग्लेड्स नॅशनल पार्कसाठी राखून ठेवले आहेत. आम्ही पाच जण: आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालतात, पायऱ्या मात्र नकोत. दोघांनाही पक्ष्यांची फार आवड आहे. गाडी भाड्याने घेणार आहोत.

नकाशावर प्रवेशद्वारं एकाहून जास्त दिसतात आणि ती एकमेकांपासून बरीच लांब वाटतात. कुठल्या दाराने शिरलं तर कमी चालून जास्त बघता येईल? एअरबोट करावी का? मगरींच्या इतक्या जवळ लहान मूल नेणं कितपत ठीक? डासांचं काय? आत शाकाहारी जेवण मिळतं का?

पाणथळ:

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. जीपीएसमध्ये नुसतं 'एव्हरग्लेड्स नॅशनल पार्क' टाकून निघू नका. पार्कची तीन मुख्य दारं आहेत आणि आतून ती रस्त्याने जोडलेली नाहीत. एका दाराने शिरून दुसऱ्याने बाहेर पडता येत नाही. होमस्टेडचं दार, टमायामी ट्रेल या महामार्गावरची शार्क व्हॅली आणि पश्चिमेला आखाताच्या बाजूची एव्हरग्लेड्स सिटी, ही तीन वेगळी ठिकाणं समजा. पत्ता टाकताना त्या त्या व्हिजिटर सेंटरचं नाव टाका: पहिल्या दिवशी 'अर्नेस्ट एफ. को व्हिजिटर सेंटर', दुसऱ्या दिवशी 'शार्क व्हॅली व्हिजिटर सेंटर'.

दोन दिवसांत ही दोनच दारं करा, एव्हरग्लेड्स सिटी सोडा. तिथली मजा टेन थाउजंड आयलंड्सच्या बोटींची आहे आणि त्यासाठी वेगळा दिवस लागतो. मुक्काम मायामी बीचवर न ठेवता होमस्टेड किंवा फ्लोरिडा सिटीत ठेवलात तर सकाळचा तास-दीड तास वाचतो. तिथून को सेंटर जवळ आहे आणि दुसऱ्या दिवशी क्रोम अव्हेन्यूने सरळ उत्तरेला जाऊन टमायामी ट्रेल गाठता येतो.

होमस्टेडचं दार चोवीस तास उघडं असतं. शार्क व्हॅलीचं फाटक मात्र सकाळी साडेआठला उघडतं आणि संध्याकाळी बंद होतं. नाताळच्या आठवड्यात तिथलं पार्किंग सकाळीच भरतं आणि मग एक गाडी बाहेर पडली की एक आत, असं चालतं. म्हणून फाटक उघडायच्या आधीच रांगेत लागा.

रानवारा:

पहिल्या दिवसाचं सांगतो.

को सेंटरपासून चार मैलांवर रॉयल पाम. तिथली अनहिंगा ट्रेल तुमच्या सासऱ्यांसाठीच केल्यासारखी आहे: जाऊन-येऊन ०.८ मैल, निम्मी डांबरी वाट आणि निम्मा लाकडी बोर्डवॉक, एकही पायरी नाही, चाकाची खुर्चीसुद्धा जाते. पाणी अगदी पायाखाली असतं. कमी चालून जास्त दिसणारी अशी दुसरी जागा या पार्कात नाही. पक्ष्यांसाठी उजाडता उजाडता जा. ॲलिगेटर (मगरीचेच भाऊबंद) मात्र थंड रक्ताचे, थंडीच्या सकाळी ऊन चढल्यावरच काठावर येऊन पसरतात. सव्वासातला पोचून दहापर्यंत तिथेच रेंगाळलात तर दोन्ही साधतं.

ट्रेलला जिचं नाव आहे ती अनहिंगा म्हणजे आपल्या तिरंदाजाची सख्खी चुलत बहीण, एकाच प्रजातीगटातली. उजनीला किंवा भिगवणला तिरंदाज पाहिला असेल तर सासरे लांबूनच ओळखतील. फक्त मान पाण्याबाहेर ठेवून पोहते, सापासारखी. एका जागी दहा मिनिटं उभं राहून तिची शिकार बघा. पाण्याखाली चोच भाल्यासारखी माशात खुपसते आणि मासा आरपार अडकतो. वर आल्यावर तो काढायचा कसा, हा तिचा प्रश्न. मग ती फांदीवर मासा आपटते, सैल करते, हवेत उडवते आणि डोक्याच्या बाजूने झेलून गिळते. शेपटीकडून गिळला तर माशाचे पर घशात अडकतील. त्यानंतर पंख पसरून उन्हात बसते, कारण पाणकोंबडी-बदकांसारखी तिची पिसं पाण्याला दाद न देणारी नसतात, भिजून जड होतात. म्हणून ती बुडी चांगली मारते आणि म्हणूनच तिला वाळत बसावं लागतं. पंख पसरलेली असताना पाठीवरची चंदेरी नक्षी नीट दिसते. फोटो तेव्हाच घ्या.

तिथेच कमळाच्या पानांवरून चालणारी जांभळी पाणकोंबडी दिसेल. आपल्याकडच्या जांभळ्या पाणकोंबडीपेक्षा लहान, पाय पिवळे आणि कपाळावर फिकट निळा टिळा. लेकीला पाण्यात 'गार' नावाचा लांब तोंडाचा मासा शोधायला सांगा.

आता पार्किंगची गोष्ट, जी माहीत नसल्यामुळे भाड्याच्या गाड्यांचं दर हिवाळ्यात नुकसान होतं. रॉयल पामच्या पार्किंगमध्ये काळी गिधाडं येतात आणि गाड्यांचे वायपर, काचेभोवतीचं रबर, सनरूफच्या पट्ट्या चोचीने ओढून काढतात. तिथे पार्कने ताडपत्र्या आणि आकडे लावलेल्या रबरी दोऱ्या फुकट ठेवलेल्या असतात. दोन मिनिटं लागतात: ताडपत्री पुढच्या काचेवरून टाकायची, वायपर आणि छताच्या कडा झाकायच्या, दोऱ्यांचे आकडे चाकांच्या कमानीत किंवा दाराखाली अडकवायचे. आकडा रंगावर घासू देऊ नका. परत निघताना ताडपत्री जागच्या जागी ठेवा. फ्लेमिंगोच्या पार्किंगमध्येही हीच काळजी घ्या.

रॉयल पामनंतर रस्ता को सेंटरपासून ३८ मैलांवरच्या फ्लेमिंगोला जातो. वाटेत पा-हे-ओकीचा लहानसा बोर्डवॉक आणि महोगनी हॅमॉकची अर्ध्या मैलाची सावलीची फेरी, एवढं पुरे. गाडीची टाकी फ्लोरिडा सिटीतच भरून घ्या. फोनला वाटेत रेंज नसते, नकाशा आधी उतरवून ठेवा.

फ्लेमिंगोला मरीनाच्या धक्क्यावर नुसतं उभं राहिलं तरी दोन प्राणी दिसण्याची चांगली शक्यता असते. एक मॅनटी, म्हणजे समुद्रगाय: पाण्यात दर काही मिनिटांनी दोन नाकपुड्या वर येतात, श्वासाचा 'फुस्स' आवाज होतो आणि मग करडी पाठ. नळीने गोडं पाणी पाजायला जाऊ नका, कायद्याने मनाई आहे. दुसरी अमेरिकन क्रोकोडाइल, बोटी उतरवायच्या उताराशेजारी ऊन खात पडलेली. ॲलिगेटर आणि क्रोकोडाइल दोन्ही जिथे रानात एकत्र राहतात अशी जगात दक्षिण फ्लोरिडा ही एकच जागा. ओळख सोपी आहे. ॲलिगेटर काळपट, तोंड रुंद आणि गोलसर. क्रोकोडाइल करडी-हिरवट, तोंड निमुळतं, आणि जबडा मिटलेला असतानाही खालचा चौथा दात बाहेर दिसतो. आपली भारतातली मगर ही क्रोकोडाइलच, पण तिचं तोंड रुंद असल्यामुळे आपला गोंधळ होतो. तिथे रंग आणि दात बघा.

मरीनावरून दीड तासाच्या बोटफेऱ्या सुटतात. एक कालव्यातून आत खारफुटीत, दुसरी फ्लोरिडा बेमध्ये. वारा असेल तर खारफुटीचीच घ्या, आत पाणी शांत असतं. बसून बघायचं असल्याने गुडघ्यांना त्रास नाही. जागा आधी राखून ठेवा.

रोहित (फ्लेमिंगो पक्षी) पाहायला म्हणून मात्र फ्लेमिंगोला जाऊ नका. नाव त्यांच्यावरून पडलेलं असलं तरी ते तिथे क्वचित दिसतात. त्यासाठी ठाण्याची खाडीच चांगली. इथे बघायचा तो गुलाबी चमचा पक्षी (रोझिएट स्पूनबिल). सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमारास इको पाँडला अर्ध्या मैलाची फेरी मारा.

सोनटक्का:

खूप खूप आभार! ताडपत्रीचं तर कुठेच वाचलं नव्हतं. एक राहिलं: प्रवेशशुल्क गाडीमागे की माणशी? सासू-सासरे व्हिजिटर व्हिसावर आहेत, त्याने काही फरक पडतो का?

टिटवी:

पडतो, आणि हे घरूनच हिशेबात धरा. मूळ शुल्क एका खाजगी गाडीला ३५ डॉलर, सात दिवसांसाठी. तेच होमस्टेडला आणि शार्क व्हॅलीला दोन्हीकडे चालतं, म्हणून पावती जपून ठेवा. रोख घेत नाहीत, फक्त कार्ड. पण १ जानेवारी २०२६ पासून एव्हरग्लेड्स धरून ११ मोठ्या पार्कांमध्ये अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षं आणि वरच्या प्रत्येक पाहुण्याला वार्षिक पास नसेल तर १०० डॉलर जादा पडतात. म्हणजे दोघांचे २००. अनिवासींसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. याच सहलीत किंवा पुढे झायन, ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन यांपैकी आणखी एखादं पार्क त्यांना दाखवणार असाल तर पास परवडतो. कुठला पास गाडीतल्या किती जणांना चालतो, हे निघण्यापूर्वी पार्कच्या संकेतस्थळावर वाचून घ्या. सगळ्यांची ओळखपत्रं जवळ असू द्या.

लेक चौथीत असेल तर चौथीच्या मुलांसाठीचा मोफत पासही आहे, तोही बघा. आणि व्हिजिटर सेंटरला गेल्या गेल्या तिच्यासाठी ज्युनियर रेंजरची पुस्तिका मागा. त्यातली कामं पूर्ण केली की रेंजर तपासून बिल्ला देतात. त्यामुळे मुलं बोर्डवॉकवर पळत सुटत नाहीत, थांबून बघतात.

पाणथळ:

एअरबोटीचं राहिलं होतं. पार्कच्या बहुतेक भागात एअरबोटीला बंदी आहे. फक्त टमायामी ट्रेललगतचा उत्तर-पूर्वेचा जो पट्टा १९८९ मध्ये पार्कात आला, तिथे तीन परवानाधारक कंपन्या फेऱ्या मारतात. विमानासारखा पंखा मागे असतो, आवाज प्रचंड, कानात बोळे घालावेच लागतात. तासाभरात वेग अनुभवायचा असेल तर खुशाल करा, पण पक्षी बघायला तिचा उपयोग नाही, ते आवाजानेच उठतात. माझ्या मते सासऱ्यांच्या वाट्याचा तो वेळ आणि पैसा शार्क व्हॅलीच्या ट्रॅमला द्यावा.

आता थोडं पाण्याबद्दल, कारण काय दिसेल आणि काय नाही हे सगळं तिथे पाण्याच्या पातळीवर ठरतं. हे दलदलीचं तळं नाही, वाहती नदी आहे. ओकीचोबी सरोवरापासून फ्लोरिडा बेपर्यंत चुनखडीच्या सपाट पाट्यावरून पाणी पसरट, उथळ असं सरकत येतं. उतार मैलाला जेमतेम दोन इंच. म्हणून वरून बघताना नुसतं गवताचं माळरान वाटतं आणि 'इथे काय आहे?' असं होतं. फ्लेमिंगोच्या वाटेवर 'रॉक रीफ पास, उंची तीन फूट' अशी पाटी आहे. सह्याद्रीतल्या खिंडी बघितलेल्या माणसाने तिथे गाडी जरूर थांबवावी आणि दोन्ही बाजूंना बघावं. तेवढ्या तीन फुटांनी झाडं बदललेली दिसतात. खोलगट भागात खुरटे सायप्रस, जरा उंचावर पाइन, आणि गवतात बेटासारखे उठलेले दाट झाडीचे हॅमॉक. सगळा फरक इंचांचा.

बोर्डवॉकवरून खाली पाण्यात बघितलंत तर काड्यांना चिकटलेला पिवळट-करडा, भिजल्या कापसासारखा थर दिसेल. घाण म्हणून नाक मुरडू नका. तो पेरिफायटन: शेवाळ, जिवाणू आणि सूक्ष्म जीवांचा थर. पाणी आटलं तरी तो ओल धरून ठेवतो, गोगलगायी आणि लहान मासे त्यावर जगतात, त्यांच्यावर बगळे आणि कुदळे.

पावसाळा मे ते ऑक्टोबर, कोरडा काळ साधारण डिसेंबर ते एप्रिल. पाणी जसं आटतं तसे मासे उरलेल्या डबक्यांत कोंडले जातात. त्यातली बरीच डबकी ॲलिगेटरने चिखल उकरून केलेली असतात. मग पक्षी तिथे गोळा होतात. त्यामुळे खरी गर्दी फेब्रुवारी-मार्चला. डिसेंबरअखेर पाणी अजून पसरलेलं असतं, तेव्हा आत गवताकडे बघत बसण्यापेक्षा कालव्यांच्या आणि खोल पाण्याच्या काठाने शोधा. अनहिंगा ट्रेल आणि शार्क व्हॅलीचा कालवा म्हणूनच वर्षभर भरवशाचे.

हा प्रवाह आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, हेही मुलीला जरूर सांगा. १९२८ साली पुरा झालेला टमायामी ट्रेल म्हणजे या नदीवर आडवा घातलेला बांधच ठरला. २०१३ मध्ये त्या रस्त्याचा एक मैल उचलून पूल केला, पुढे आणखी पूल झाले, तेव्हा कुठे खालून पाणी पुन्हा सरकू लागलं. शार्क व्हॅलीला जाताना तुम्ही याच रस्त्याने जाणार आहात.

आणि रकून, ससे दिसले नाहीत तर आश्चर्य वाटू देऊ नका. पाळीव म्हणून आणलेले आणि नंतर रानात सुटलेले बर्मी अजगर तिथे माजले आहेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रस्त्यांवर दिसणाऱ्या रकूनची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटलेली आढळली. पार्क १९४७ साली खुलं झालं तेव्हा असं काही कुणाच्या मनातही आलं नसेल.

करवंद:

डास आणि झाडं यांबद्दल लिहिते, बाकी वर छान आलंय.

डिसेंबरात रॉयल पाम आणि शार्क व्हॅलीला उन्हात डास जवळजवळ नसतात. फ्लेमिंगोला आणि सावलीच्या वाटांवर (गम्बो लिंबो, महोगनी हॅमॉक) असतातच. फ्लेमिंगोच्या किनाऱ्यावर डासांपेक्षा चिलटं वाईट. दिसत नाहीत, साध्या जाळीतून आत येतात, पहाटे आणि संध्याकाळी वारा पडला की चावतात. पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे, सैल कपडे आणि पायमोजे. डास पळवणारं मलम २० टक्के पिकॅरिडिनचं घ्या. डीटही चालतं, पण ते प्लॅस्टिक विरघळवतं. हाताला डीट लावून दुर्बीण धरली की तिचं रबर चिकट होतं, घड्याळाचा पट्टा खराब होतो. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर मलम. उलट क्रमाने नको.

आता झाड. गम्बो लिंबो ट्रेलवर दोन झाडं शेजारी दिसतात आणि लोक नेमका चुकीच्या खोडाला हात लावतात. एकाची साल तांबूस, चकचकीत, कागदासारखी सोलवटलेली. ते गम्बो लिंबो, काही करत नाही. उन्हात भाजलेल्या प्रवाशांसारखी साल म्हणून त्याला गमतीने 'टुरिस्ट ट्री' म्हणतात. दुसरं पॉयझनवुड. तेही सोलवटतं, पण सालीवर डांबर सांडल्यासारखे काळे ओघळ असतात आणि चकचकीत पानांवर वेडेवाकडे काळे ठिपके. हे आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं झाड. बिब्बा उतला की काय होतं हे सासूबाईंना सांगावं लागणार नाही, तसंच इथे होतं: आधी खाज, मग एक-दोन दिवसांनी फोड. पावसानंतर त्याच्याखाली थांबूही नका, पानांवरून गळणारं पाणीही अंगावर उठतं. हात लागलाच तर लगेच गार पाण्याने आणि साबणाने धुवा, चोळू नका, ते कपडे वेगळे ठेवा. घरात कुणाला बिब्बा किंवा कैरीचा चीक बाधत असेल तर त्याने जास्त जपावं.

जेवणाचं: आत उपाहारगृह आहे ते फ्लेमिंगोला, त्याच्या भरवशावर राहू नका. दशम्या, चटणी, फळं आणि माणशी किमान दोन लिटर पाणी बरोबर घ्या. होमस्टेडहून पार्ककडे जाताना 'रॉबर्ट इज हिअर' हे फळांचं दुकान वाटेतच लागतं. मोसम असेल तर तिथे चिकू आणि फणससुद्धा मिळतो. खाण्याची पिशवी बाकावर ठेवून फिरायला जाऊ नका, कावळे चेन उघडतात.

सोनटक्का:

बिब्ब्याचं वाचून सासूबाई म्हणाल्या, आता झाडाकडे नुसतं लांबून बघायचं! शेवटचे दोन प्रश्न. शार्क व्हॅलीला आम्ही दोघं आणि लेक सायकल घेऊ शकतो का, की सगळ्यांनी ट्रॅम करावी? आणि मगरी रस्त्यावर असतात असं वाचलं, लेकीच्या बाबतीत नेमकी काय काळजी घ्यायची?

रानवारा:

आधी हे सांगतो की शार्क व्हॅलीत शार्क नाहीत आणि दरीही नाही. शार्क रिव्हरच्या प्रवाहावरून ते नाव पडलं.

फेरी १५ मैलांची, पूर्ण डांबरी, खाजगी गाड्यांना बंद. मधे कुठेही आखूड वाट नाही. सात मैल गेलात की परत फिरा किंवा पुढे जा, अंतर सारखंच. सावली अजिबात नाही. मुलांच्या भाड्याच्या सायकलींना गिअर नसतात आणि समोरून वारा आला की नऊ वर्षांचं मूल दहाव्या मैलाला रडकुंडीला येतं. म्हणून असं करा: पाचही जणांनी सकाळची पहिली ट्रॅम घ्या, आगाऊ नोंदणी करून. दोन तास लागतात, सोबत माहिती सांगणारा असतो, आणि मध्यावरच्या मनोऱ्यापाशी थांबते. मनोऱ्यावर पायऱ्या नाहीत, गोल फिरत जाणारा चढ आहे, पण चढच आहे. सासऱ्यांनी जमेल तेवढंच चढावं. स्वच्छतागृह तिथे खाली आहे. परत आल्यावर सासू-सासरे सावलीत बसतील आणि तुम्ही तिघं सायकली घेऊन पश्चिमेच्या सरळ रस्त्याने फक्त दोन मैल जाऊन या. त्याच बाजूने कालवा आहे, ॲलिगेटर आणि पक्षी तिथेच सगळ्यात दाट. गोगलगायींवर जगणारी घारही गवतावर घिरट्या घालताना दिसू शकते: नर निळसर करडा, डोळे लाल, चोच बारीक आणि आकड्यासारखी.

ॲलिगेटर गवताच्या कडेला, कधी डांबरावरही असतात. किमान १५ फूट अंतर ठेवायचं, म्हणजे एका मोटारीची लांबी. लेकीला गाडीशेजारी उभी करून ते अंतर आधीच दाखवा, फुटांत सांगून मुलांना कळत नाही. तो 'हिस्स' करू लागला किंवा तोंड उघडून तुमच्याकडे वळला तर तुम्ही जास्त जवळ आहात, मागे सरका. रस्ता अडवून पडला असेल तर थांबा, तो निघेपर्यंत किंवा त्याच्या शेपटीमागून भरपूर जागा मिळेपर्यंत. आई आणि पिल्लं यांच्या मधे कधीच जायचं नाही. पिवळे पट्टे असलेली वीतभर पिल्लं दिसली आणि बारीक 'याँक-याँक' आवाज आला, तर आई चार-पाच हातांवरच आहे असं समजा, ती दिसत नसली तरी. पाण्याच्या कडेला उकिडवं बसून फोटो काढायचा नाही, पाण्यात हात घालायचा नाही, खाऊ टाकायचा नाही. खायला घातलेला ॲलिगेटर माणसाकडे येऊ लागतो आणि मग त्याला मारावं लागतं. सायकल घेऊन कालव्याच्या उतारावर उतरायचं नाही, लेक तुमच्या दोघांच्या मधे चालवू दे.

दुर्बीण एकच नेणार असाल तर ८×४२, म्हणजे आठ पटीची घ्या. दहा पटीची सासऱ्यांच्या हातात हलेल.

टिटवी:

एक बारीकसं. पहिल्या दिवशी फ्लेमिंगोहून सूर्यास्तानंतर निघालात तर गाडी हळू चालवा. दिवसभर तापलेल्या डांबरावर अंधार पडल्यावर साप आणि बेडूक ऊब घ्यायला येतात आणि गाड्यांखाली जातात. वाटेत पा-हे-ओकीला दहा मिनिटं दिवे बंद करून थांबा. चंद्र किती आहे ते आधी बघून घ्या. नसेल तर इतके तारे मायामीच्या आसपास दुसरीकडे दिसत नाहीत.